विहिरीला हिरवा रंग

"नदीवर पोहायचं राहू दे. आधी ही विहीर बघू," सुट्टीला मामाकडे आलेली टिटवी म्हणाली. अखंड बडबडीमुळे पडलेलं तिचं हे नाव, पण आज आवाज अगदी खाली आला होता.

तिची मामी दवाखान्यात होती, उलट्या थांबत नव्हत्या. शेजारच्या आजोबांचं वासरू तर मेलंच. पाणी दोघांनाही याच विहिरीचं.

मामेभाऊ ढोल्याने बादली हुंगली. "बदामासारखा वास. बाबांच्या कपड्यांना येतो तोच."

मामा पलीकडच्या कारखान्यात कामाला होते. तिथे दाणे काढलेली मक्याची कणसं आम्ल घालून वाफेवर शिजवत आणि त्यातून औषधांना, रंगांना लागणारं रसायन काढत. उरलेलं पाणी मागच्या टाकीत जाई.

"टाकी गळतेय का, मामा?"

"साहेब म्हणतात पक्की आहे. तुम्ही यात पडू नका."

टिटवी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. आजोबांना सांगून तिने विहिरीच्या लोखंडी झाकणाला कुलूप घालून घेतलं. दुपारी दोघं मामांचा डबा घेऊन कारखान्यात गेली. ढोल्याने रखवालदाराला बोलण्यात गुंतवलं. टिटवीने कापड रंगवायचा हिरवा रंग टाकीत ओतला.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या सगळ्यांसमोर आजोबांनी कुलूप काढलं. बादली वर आली ती हिरवी. टिटवीला आनंद झाला नाही. मामी हेच पाणी पीत होती.

साहेब धावत आले. "पोरांनीच विहिरीत रंग टाकलाय."

"झाकणाला कुलूप होतं," आजोबा म्हणाले. "किल्ली माझ्या कनवटीला. रंग पडला तो तुमच्या टाकीत."

 तेव्हा मामा पुढे आले. "टाकीच्या तळाला तडा गेलाय. मी साहेबांना दाखवला होता."

वस्तीने तक्रार केल्यावर त्याच दिवशी सरकारी माणसांनी कारखान्याला टाळं ठोकलं. पाण्यात काय आहे ते कळल्यावर डॉक्टरांना नेमका उपचार करता आला. मामी घरी आली तेव्हा धड उभी राहू शकत नव्हती. तिला घरी पाठवताना डॉक्टरांनी दोघांची पाठ थोपटली होती. "तुम्ही नसतात तर वस्तीतली माणसं गेली असती."

मामा कौतुकाने म्हणाले, "वाघ आहात रे."

ढोल्याने त्यांच्याकडे पाहिलं. "बाबा, तडा तुम्हाला आधीच माहीत होता?"

मामांनी मान खाली घातली. "वाटलं, ते पाणी इथवर येणार नाही."

 ढोल्या आईला आधार देत आत घेऊन गेला. टिटवी मात्र मामांपाशी उंबऱ्यावर बसून राहिली.