भोंग्याची फियाट

इंजिन बंद पडलं, पण भोंगा चालूच राहिला. मेहकरच्या बसस्टँडमागं, कय्यूम मिस्त्रींच्या गॅरेजसमोर एक जुनी पांढरी फियाट अडून उभी होती आणि तिच्या टपावरून एक आवाज सगळ्या गल्लीला कपाशीचं बियाणं विकत होता.

"आधी तो भोंगा बंद करा हो... मंग इंजिनाचं पाहू," मिस्त्रींची पोरगी नाजिश म्हणाली.

गाडीतून उतरलेल्या तरुणानं आधी कान पकडले, मग भोंगा बंद केला. त्याचं नाव प्रसेनजित. गाडी काकांची, नोकरी बियाणं कंपनीच्या प्रचाराची.

मोतीबिंदूनंतर अब्बांना पुलीवरची बारीक खूण दिसत नसे, त्यामुळं इंजिनाच्या ठिणगीचं टायमिंग जुळवायचं काम नाजिशकडं आलेलं. तिनं इंजिन हातानं फिरवून खूण जुळवली, ठिणगी वाटणाऱ्या डिलकोचा बोल्ट सैल केला आणि वायरीला जोडलेला छोटा बल्ब त्याच्या हाती दिला.

"मी डिलको फिरवते. बल्ब लागला की सांगा."

ती केसभर फिरवत राहिली. तो गप्पच...

"अजून नाही लागला?"

"लागला ना... मघाशीच."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"मी बल्बाकडं नव्हतो पाहून राह्यलो."

नाजिशनं लाजून ओढणीनं कपाळ पुसलं, तर काळं तेल कपाळभर पसरलं. तो हसला. आणि मग तीही.

आठवड्याभरात गाडी परत आली. टायमिंग सरकलेलं. नंतर पुन्हा आली, पुन्हा सरकलेलं.

"हा बोल्ट आपोआप ढिला होत नाही," ती डोळे बारीक करून म्हणाली. "याच्यावर पान्ह्याचे ओरखडे आहेत."

"मीच केला... नाहीतर काय कारण सांगून येऊ?"

असं ते सुरू झालं. पेरणीच्या तोंडावर एका दुपारी, लिंबाच्या सावलीत उभ्या गाडीत, त्यानं मोबाईल तिच्या ओठांपुढं धरला.

"भोंग्यासाठी एवढं बोल ना. तुह्या आवाजात असलं, की रस्ताभर तू सोबत राहशीन."

ती हसत-अडखळत बोलली — "बहिणींनो, मी तुमच्यातलीच. अळीची चिंता सोडा, हेच बियाणं लावा..." बोलताना त्याचा दुसरा हात तिच्या हातावर होता. त्या पावसाळ्यात तिचा आवाज अमडापूरपासून रोहिणखेडपर्यंत फिरला. दिवाळी झाली की तो अब्बांशी बोलणार होता. दोन्ही घरांत वादळ उठेल हे दोघांनाही ठाऊक होतं. तिची तयारी होती.

दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी नाजिश गिऱ्हाइकाशी बोलत असताना रस्त्यावरून जाणारी एक बाई थबकली.

"भोंग्यातली पोरगी तूच ना वं? मी अमडापूरची बेबीताई." तिनं पदराची गाठ सोडली. आत कपाशीची बोंडं होती. किडकी, घट्ट मिटलेली. तिनं एक फोडून दाखवलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. "सारं वावर असंच झालं, पोरी. बाईचा आवाज आहे, खोटं नाही बोलणार, म्हणून मीच धन्याच्या मागं लागली होती." तिच्या बोलण्यात राग नव्हता. जाताना तिनं मायेनं विचारलं, "तुमचीबी कपाशी गेली असन ना वं?"

नाजिशच्या घरी वावरच नव्हतं.

दोन दिवसांनी फियाट आली. प्रसेनजितनं नवा शर्ट घातला होता.

"आज अब्बांशी बोलतो," तो म्हणाला.

"तुले माहीत होतं?"

"काय?"

"अळी लागते हे."

तो बॉनेटवरून बोट फिरवत राहिला. "गेल्या साली मोताळ्याकडं लागली होती... साहेब म्हणे, बोलायचं नाही. बायका बाईचं ऐकतात, एखादा बाईचा आवाज घे..."

"म्हणून मी?"

"नाही नाजिश! तू मले पहिल्या दिवसापासून... ते खरं आहे, वं."

"असन खरं," ती म्हणाली. "मलेबी खरंच वाटलं, म्हणून तर बोलली मी. आता अमडापूरच्या बाईले काय सांगू... की माह्या हातावर त्याचा हात होता?"

नाजिशनं बॉनेट उघडलं.

"राहू दे ना," तो पुटपुटला. "गाडी चालते."

"चालत नाही. बोल्ट ढिलाच आहे. घाटात बंद पडशीन, अन् परत इथंच येशीन."

बल्ब तिनं यावेळी तारेनं बॉनेटच्या काठाला टांगला. खूण जुळवली, डिलको हळूहळू फिरवला. बल्ब लागताच बोल्ट आवळला... आणि पान्हा दोन्ही हातांनी धरून आणखी आवळला.

फियाट एका दमात सुरू झाली. इंजिन एकसारखं, मऊ चालू लागलं. प्रसेनजित स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसून राहिला. ती 'थांब' म्हणेल म्हणून.

ती नळाखाली हात धूत राहिली. गाडी हलल्याचं तिला ऐकू आलं, कोपऱ्यावर वळल्याचंही. तेल केव्हाच निघालं होतं. तरी नाजिश हात घासतच होती.