वाकडं पान

बोरन्हाण पाच वर्षांपर्यंतच्या लेकरांचं करतात. आमची श्रावणी साडेसहाची होती, तरी मी केलंच. रायपूरच्या समता कॉलोनीतल्या आमच्या घरातली तिची पहिली संक्रांत होती, आणि आजवर दुसऱ्यांच्या लेकरांच्या डोक्यावर मुरमुरे ओतून ओतून मी कंटाळले होते. काळा फ्रॉक, हलव्याचे दागिने, सगळं हौसेनं आणलं. फक्त हलव्याचा मुकुट इतका लहान निघाला, की तो तिच्या टाळूवर बशीसारखा बसला.

श्रावणी आम्हाला सांभाळायला दिलेली होती, दत्तक नाही. वडील वारले, आई कुसुम अभनपूरकडची, वीटभट्टीच्या कामाला परमुलखात जाणारी. पोरगी आधी बालगृहात आणि मग आमच्याकडे आली. आईला महिन्यातून एकदा लेकीला भेटायची परवानगी होती. भेटी झाल्या नाहीत तर बाई आपणच यायची थांबेल, मग दत्तकाचं बघता येईल, असा माझा बेत. म्हणून महिन्यातून एकदा श्रावणीला ताप यायचा. फोनवर.

"अनुश्री, पोट्टी लयच मोठी दिसते वं बोरन्हाणाले," शेजारच्या शांताबाई म्हणाल्या. "कोनाची म्हनाली तू?"

"मावसबहिणीची. यवतमाळची."

शांताबाईंना यवतमाळ पटलं नाही. त्यांनी वाकून श्रावणीलाच विचारलं, "काय वं बाई, आई कशी होती तुही?"

श्रावणीनं केसात अडकलेलं बोर काढलं आणि चक्क छत्तीसगढीत सांगितलं, "मोर दाई के हाथ म गोदना हे. बेल हे. एक पान टेड़गा हे."

यवतमाळ तिथंच बुडालं.

मी मोठ्यानं हसले. "काहीही बोलते! आईच्या हातावर गोंदलेली वेल म्हणे, आणि त्यात एक पान वाकडं. अगं, तुझी आई मीच ना आता?" आणि उजवा हात वर करून सगळ्या बायांना दाखवला. "हे पाहा. आहे का गोदना?"

बाया हसल्या. श्रावणी हसली नाही. टेलर कापडाकडे पाहतो तशी ती माझ्या मनगटाकडे पाहत राहिली.

संध्याकाळी सोफ्याखालची बोरं काढताना मनगटावर एक हिरवा ठिपका दिसला. पेन लागला असेल म्हणून साबणानं घासला, मग भांड्यांच्या लिक्विडनं, मग नेलपॉलिश काढायच्या पाण्यानं. ठिपका तसाच. पुढच्या आठवड्यात ठिपक्यांची रांग झाली, आणि रांगेची वेल.

"हे काय करून राहिली तू?" माझे यजमान शिशिर रेल्वेच्या ऑफिसात आहेत, त्यांना सगळ्याचा खुलासा लागतो. "या वयात टॅटू?"

"मी नाही काढला."

"मंग का मच्छरानं काढला?"

आमच्याच कॉलोनीतल्या स्किनच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी भिंग लावून हात पाहिला. "दीदी, बहुत बढ़िया काम है. किससे बनवाया? मेरी वाइफ को भी बनवाना है."

लेझर मारलं. जळक्या केसांचा वास आला, पण मला काहीच दुखलं नाही. चटकासुद्धा बसला नाही. "आपकी सहनशक्ति कमाल की है," डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांत वेल आणखी गडद झाली. पुन्हा लेझर, पुन्हा तेच. मग डॉक्टरांनी मशीन बदललं. वेलीला त्यानं फुलं आली.

रायपूरच्या चैतात मी पूर्ण बाह्यांचे ब्लाउज घालून हिंडू लागले. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला अत्तर लावायला शांताबाईंनी माझा हात धरला आणि बाही वर सारली.

"अगं बाई! हे तर इकडच्या बायांचं गोंदन!"

खोलीभर बाया वाटली डाळ खायच्या थांबल्या.

"फॅशन आहे," मी म्हटलं.  आठवड्याभरात शांताबाईंची सून निधी मॉलमधून तसंच काहीतरी काढून आली, आणि माझी लाज कॉलोनीत फॅशन म्हणून फिरू लागली.

मग वेलीवर पानं आली. त्यातलं एक वाकडं होतं.

एका दुपारी श्रावणी माझ्या बाजूला येऊन लवंडली. आधी ती उशीचा कोपरा धरून झोपायची. त्या दिवशी तिनं माझी बाही वर केली, वाकडं पान शोधलं आणि त्यावर अंगठा टेकवला.

"इथं मी लाथ मारली होती," ती म्हणाली. आता तिला मराठी छान येत होती. "दाई गोदवून घेत होती ना, मी तिच्या मांडीवर होती. सुई सरकली."

आणि झोपली. मी हात हलवला नाही. हाताला मुंग्या आल्या, तरी नाही. सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला होता. त्यानंतर मी डॉक्टरकडे गेले नाही. त्याच संध्याकाळी बालगृहाच्या ऑफिसातून भेटीसाठी फोन आला, आणि मी नेहमीच्या सुरात म्हटलं, "ताप आहे हो."

श्रावणी समोर भोवरा फिरवत बसली होती.

"कोनाले ताप आहे?" दारातून शिशिर म्हणाले. मी फोन ठेवला. "तिची माय दर खेपेले बसनं येते, बाकावर बसते अन् वापस जाते. मले तर आता श्रावणीच्या डोळ्यात पाहाची लाज वाटते, अनु. उद्या आपन जाऊन राहिलो. बस."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात आम्ही गेलो. बालगृहाच्या ऑफिसच्या व्हरांड्यात कुसुम बसली होती. माझ्याहून बरीच लहान. मांडीवर मुर्र्याच्या म्हणजे मुरमुऱ्याच्या लाडवांची पिशवी, आणि उजव्या हाताला पदर गुंडाळलेला.

श्रावणी सरळ तिच्याकडे गेली आणि तिनं पदर सोडला.

हात कोरा होता. हिरवा ठिपकासुद्धा नाही. फक्त भाजल्याचे लाल डाग, एकापुढे एक, वेलीसारखे वळत गेलेले.

"ये का होगे, दाई?"

"का जानंव बेटी. अपने-आप जर गे." आपोआप जळलं, म्हणत कुसुमनं ओशाळून हात पुन्हा झाकला, जणू चूक तिचीच होती. माझ्याकडे पाहून कसंनुसं हसली. मेल्यावर सगळं इथंच राहतं, दीदी, गोदना तेवढा सोबत येतो म्हणतात, असं काहीतरी म्हणाली. माझा तर जिवंतपणीच गेला, असंही.

लेझरचा तो जळका वास मला आत्ता पुन्हा आला.

शिशिर माझ्या बाहीकडे पाहत होते. मी हात मागं घेतला.

श्रावणी आली. तिनं माझ्या बाहीचं बटण काढलं. बोट धरून मला नेलं, कुसुमच्या बाजूला बसवलं, आणि माझा हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला. हरवलेली वस्तू परत करावी तसा.

"ये ले, दाई."

कुसुम बघत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं हळूच वाकड्या पानावर अंगठा ठेवला.

कुणाच्याच हातात सुई नव्हती, तरी पानात सुई टोचली. मी हात ओढला. निघाला नाही.

श्रावणी समोर उभी राहून लाडू खात होती.

माझी मांडी रिकामी होती.

तिथं एक इवलीशी टाच बसली. जोरात.