तीन दिवसांची मुदत

"तुझ्या बायकोला सांग, माझी बॅग भरून ठेव म्हणावं. चार वाजता धाकटा मला न्यायला येतोय."

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा सून त्यांच्यापासून दोन हातांवर उभी राहून त्यांच्याच चहात साखर ढवळत होती... आणि तरीही निरोप गेला तो मुलामार्फत! आठ महिने या घरात असंच चाललं होतं. एका टेबलावर जेवायचं, एकाच छताखाली झोपायचं, आणि बोलायचं मात्र थोरल्याला मध्ये घालून. त्या बिचाऱ्याची तर पार टपालपेटी झाली होती.

"आई, ती इथेच उभी आहे," थोरला म्हणाला.

"म्हणूनच सांगतेय. ऐकू गेलं असेल तिला."

ऐकू गेलं होतं. सुनेने चमचा बशीत ठेवला, कप सासूबाईंच्या उजव्या हाताशी सरकवला, कारण डावा खांदा हल्ली फार दुखायचा, आणि ती आतल्या खोलीत बॅग काढायला गेली. कपाटातून एकेक कपडा काढून घडी घालताना तिचं अंतःकरण भरून येत होतं, पण त्यात राग नव्हता. तुम्ही-आम्ही असतो तर एव्हाना बॅग दारात आदळली असती! हिला मात्र राहून राहून एवढंच वाटत होतं, की ज्या बाईने आपल्याला घडवलं, ती आज आपल्यामुळे घर सोडून निघाली आहे.

घडवलं हा शब्द उगाच नाही वापरला. सासूबाई एकतीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. लग्नानंतर सुनेने नोकरी सोडायची भाषा केली तेव्हा "घरात बसून काय भिंती मोजणार आहेस?" असं म्हणून त्यांनीच तिला परत कामावर धाडलं, नातू झाल्यावर तो सांभाळला, आणि भाजी निवडता निवडता वॉर्डातल्या गोष्टी सांगितल्या. "औषध द्यायच्या आधी दोघींनी बघायचं. आणि दुसरीने पहिलीच्या तोंडाकडे बघून हो म्हणायचं नाही, बाटलीकडे बघून म्हणायचं." सॉफ्टवेअर तपासायचं तंत्र सून कंपनीत शिकली असेल, पण तपासणं म्हणजे काय हे ती या स्वयंपाकघरात शिकली होती, आणि त्याबद्दलची कृतज्ञता आठ महिन्यांच्या अबोल्यानेही तसूभर कमी झाली नव्हती.

आणि आठ महिन्यांपूर्वी जे घडलं तेही त्या शिकवणीपायीच!

धाकटा दीर त्याच कंपनीत प्रोजेक्टचा प्रमुख होता. लहान मुलांच्या वॉर्डासाठी त्यांनी एक सॉफ्टवेअर केलं होतं. बाळाचं वजन घातलं की कोणतं औषध किती द्यायचं ते नर्सला स्क्रीनवर दिसायचं. नवी आवृत्ती निघाली की प्रत्येक गोष्ट नव्याने तपासायची, हा नियम. पण जिथे कुणी हात लावलेला नाही तिथला मागच्या वेळचा निकाल उचलायचा, तारीख बदलायची आणि समोर 'पास' लिहायचं, ही सवय. कंपनीत त्याला 'ओढून घेणं' म्हणत. सगळेच ओढून घ्यायचे. त्या खेपेला फक्त 'पुढचा पेशंट' असं एक नवं बटण आलं होतं, औषधाच्या हिशेबाला कुणी हात लावला नव्हता, म्हणून धाकट्याने स्वतःच्या नावाने त्या तपासणीचा सगळा तक्ता ओढून घेतला.

सोमवारी वॉर्डात ते सुरू व्हायचं होतं. आदल्या आठवड्यात सुनेने सहज म्हणून एक वीस किलोचं मूल भरलं, बटण दाबून पुढच्या चार किलोच्या बाळावर गेली... नाव बदललं, खाट बदलली, वजन मात्र वीसच राहिलं! घाईतल्या नर्सच्या लक्षात आलं नसतं तर त्या बाळाला पाचपट औषध गेलं असतं.

ती तडक दिराच्या केबिनमध्ये गेली होती. "भाऊजी, हे तुम्ही स्वतः हॉस्पिटलला कळवा. तुमच्या तोंडून गेलं तर त्यात कमीपणा नाही. मी तीन दिवस थांबते."

"वहिनी, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू ना. आता थांबवलं तर माझी सगळ्यांसमोर नाचक्की होईल," तो म्हणाला होता.

तीन दिवस तिने वाट पाहिली. चौथ्या दिवशी सकाळी तिने हॉस्पिटलला आणि कंपनीला एकदमच पत्र लिहिलं. सॉफ्टवेअर थांबलं, धाकट्याचं प्रमुखपद गेलं, त्याने कंपनी सोडली. आणि हिलाही एका कोपऱ्यातल्या टेबलावर बिनकामाचं बसवून ठेवलं, तेव्हा दोन महिन्यांनी तिनेही राजीनामा दिला. घरी येऊन धाकट्याने सांगितलं ते एवढंच... "वहिनीने माझ्या पाठीमागे तक्रार केली. मला एका शब्दाने विचारलं नाही."

सून गप्प राहिली. थोरल्याला सगळं ठाऊक होतं, पण तिने त्याला गळ घालून गप्प बसवलं होतं. सासूबाई जुन्या मैत्रिणींना फोन करकरून सांगायच्या, माझ्या लेकाने आपल्या वॉर्डातल्या पोरांसाठी काम केलंय म्हणून. त्याच लेकाने त्याच पोरांच्या बाबतीत न तपासता 'पास' लिहिलं, हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

चार वाजता बेल वाजली. धाकटा आत आला, वहिनीने बाहेर आणून ठेवलेल्या बॅगेकडे त्याने पाहिलं, आणि तो बसलाच नाही.

"निघायचं ना?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, मी तुला न्यायला नाही आलो. मी तुला एक सांगायला आलोय."

"गाडीत सांग की."

"नाही. वहिनीसमोरच सांगायचंय." त्याचा आवाज बसला होता. "नव्या ऑफिसात माझ्या हाताखाली एक मुलगी आहे. नुकतीच लागलीय. काल तपासणीचा तक्ता घेऊन आली आणि म्हणाली, सर, मागच्या वेळचं ओढून घेऊ का, सगळे तसंच करतात ना? मी तिला नाही म्हटलं, नव्याने तपास म्हटलं. ती बरं म्हणून गेलीसुद्धा... आणि मला दिवसभर बसवेना. कारण आई, मी ओढून घेतलं होतं. मुलांच्या वॉर्डाचं. न तपासता. आणि त्यात एका बाळापुढे दुसऱ्याच मुलाचं वजन दिसत होतं."

सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"आणि वहिनीने मला विचारलं नाही हे खोटं होतं. ती आधी माझ्याकडेच आली होती. हात जोडून म्हणाली होती, तुम्ही स्वतः सांगा, तोवर मी थांबते."

"किती किलोचं बाळ?" सासूबाईंनी मध्येच विचारलं. त्यांचा स्वर अचानक वॉर्डातला झाला होता.

"चार."

"आणि स्क्रीनवर?"

"वीस."

त्यांना गुणाकार करावा लागला नाही. एकतीस वर्षं ज्या हातांनी एवढ्याशा शिरा शोधल्या होत्या, ते हात त्यांनी मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"तुला किती मुदत दिली होती हिने?"

"तीन दिवस."

मग त्या सुनेकडे वळल्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा, मध्ये कुणालाही न घालता!

"मला का नाही सांगितलंस?"

सून त्यांच्या जवळ आली. "सांगितलं असतं तर... तुम्ही भाऊजींशी बोलणं टाकलं असतं, आई. तुम्हाला मी ओळखते. माझ्याशी टाकलंत, ते मी सोसलं. त्यांच्याशी टाकून तुमचं तुम्हालाच सोसलं नसतं."

"वेडी आहेस का गं तू?" त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले. धाकटा पुढे होऊन वहिनीच्या पायांशी वाकायला गेला, तिने त्याला दोन्ही दंडांना धरून वरच्या वर थांबवलं. "भाऊजी, तुम्ही त्या मुलीला नाही म्हणालात ना... मला सगळं मिळालं. खरंच मिळालं." आणि ते तोंडदेखलं नव्हतं, तिच्या मनातली आठ महिन्यांची गाठ त्या एका 'नाही'ने सुटली होती.

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही," त्या म्हणाल्या. "मी नवीन होते तेव्हाची. माझी मैत्रीण औषध भरत होती, दुसरी सही माझी होती. मी बाटली बघितली नाही, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि सही केली. बाटली भलतीच होती, मोठ्या सिस्टरनी सुई अक्षरशः हातातून काढून घेतली. बाळ वाचलं. पण त्यांनी ते वर कळवलं, आणि माझी बढती दोन वर्षं अडली."

"आई..." थोरला म्हणाला.

"ऐक. मोठ्या सिस्टर वॉर्डात आल्या की आम्ही सगळ्या उठून उभ्या राहायचो. त्यानंतर मी राहायचे नाही. खाली काहीतरी शोधत असल्यासारखी वाकून राहायचे. वर्षभर. त्यांना ते दिसत होतं, एका अक्षराने बोलल्या नाहीत. मग त्यांची बदली झाली, आणि पुढे त्या वारल्याचं कळलं. तुम्हा सगळ्यांना मी शिकवत बसले ना, बाटलीकडे बघा म्हणून, ते त्यांचं होतं. आणि त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले माझे."

बोलता बोलता त्यांनी खुर्चीच्या हातावर भार दिला. सुनेला वाटलं, आता या निघाल्या! ती बॅग उचलायला धावली. थोरला आधार द्यायला पुढे झाला, त्याला त्यांनी हातानेच लांब ठेवलं. दुखरा खांदा सांभाळत, दात आवळत त्या उठल्या, पदर सारखा केला, दोन्ही हात बाजूला सरळ घेतले, आणि सुनेच्या समोर ताठ उभ्या राहिल्या.

"आई, अहो बसा ना," सून कासावीस होऊन म्हणाली. "हे काय करताय? मी तुमच्यापेक्षा लहान आहे."

"तेव्हा नाही राहिले मी उभी," सासूबाई म्हणाल्या. "आज राहू दे."