आकडा सांगायचा नाही

सोमवारी सकाळी ती वॉर्डात शिरली, तेव्हा तिचं टेबल पाय वर करून दाराबाहेर निघालं होतं.

टेबलाखाली एक माणूस होता. मास्कच्या वर दोन डोळे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. इस्पितळाच्या स्टोअरचा किल्लीदार.

"कुठे निघालात?"

"टेबल स्टोअरमध्ये. मी टेबलाबरोबर."

"ठेवा खाली."

त्याने सरळ करून ठेवलं. ती त्यावर चढून बसली. त्याने खिशातून परिपत्रक काढलं आणि शांतपणे वाचलं. "जेवणाचं टेबल एक, खुर्च्या आठ... मॅडम, यादीत तुम्ही नाही. उतरा."

ती तिथली आहारतज्ज्ञ. घास समोर आला की घाम फुटतो, अन्नाचीच भीती बसते, अशा आजाराच्या माणसांचा तो वॉर्ड, आणि त्यातलं सगळ्यात मोठं औषध म्हणजे हे टेबल. रोज साडेबाराला सगळे पेशंट आणि ती एकत्र बसत. नियम साधे होते. अर्धा तास बसायचं, अन्नाबद्दल आणि शरीराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि टेबलाशी जो बसेल त्याने जेवायचंच. तिनेसुद्धा.

आता साथ आली होती. तापाच्या रुग्णांना वॉर्ड हवा होता, हे तिला कळत होतं. कळत नव्हतं ते अधीक्षकांचं वाक्य. "तुमच्या पेशंटांचं काय मोठंसं? जेवले की बरे!" हे ऐकल्यापासून ती जी पेटली होती, ती अजून विझली नव्हती.

"उतरते," ती म्हणाली. "पण टेबलावर एक जरी ओरखडा आला ना—"

"तर?"

"तर तेवढाच तुमच्यावर काढीन."

मास्कच्या वरचे डोळे हसले. तिला त्याचाही राग आला... जरा उशिराने आला, इतकंच.

सहाही पेशंट घरी गेले. आता साडेबाराला पडद्यावर सहा खिडक्या उघडत. प्रत्येकीत एक ताट, एक चमचा आणि एक घाबरलेला चेहरा. बाहेर सगळं जग घरात बसून आपल्या सुटलेल्या पोटावर विनोद करत होतं. फुगलेले गाल, न लागणारी बटणं, खी खी खी. ते विनोद तिच्या पेशंटांच्याही फोनवर येऊन पडत. विनोद धाडणाऱ्या एकेकाचा कान पिरगाळून यावा, असं तिला रोज वाटे, पण घराबाहेर पडायला बंदी होती. ते बचावले.

राहता राहिला वजनकाटा. या आजारात आपला आकडा आपण बघायचा नसतो. पेशंट काट्यावर पाठमोरा उभा राहतो. आकडा दुसऱ्याने वाचायचा आणि गिळून टाकायचा. फिरण्याचा परवाना आणि गाडी एकट्या किल्लीदाराकडे होती, म्हणून दर गुरुवारी काटा घेऊन घरोघर तो जाऊ लागला. गाडीत बसून तिला फोन करी.

"आकडे सांगू, की आधी चिडून घेता?"

"उशीर केलात तुम्ही."

"म्हणजे आधी चिडणार. थांबा, गाडीची काच वर करतो... हं. आता नीट ऐकू येईल."

"माझा राग म्हणजे करमणूक वाटते तुम्हाला?"

"नाही हो. दिवसभर मी 'हो साहेब, हो साहेब' ऐकतो. खरं बोलणारं एकच माणूस माझ्या माहितीत आहे. ते चिडूनच बोलतं, त्याला मी काय करू?"

गुरुवारी दुपारपासून आपण घड्याळ बघत असतो, हे त्या दिवशी तिच्या ध्यानात आलं. मग तिला घड्याळाचा राग आला.

चौथ्या गुरुवारी घोटाळा झाला.

धाकटी एकोणीस वर्षांची, सहांतली सगळ्यात अशक्त. त्या दिवशी आकडा वर सरकला होता. किल्लीदाराने नियम पाळला, आकडा गिळला. पण स्टोअरचा माणूस तो, काही वाढलेलं दिसलं की त्याला आनंद होतो. काटा पिशवीत भरताना त्याच्या तोंडून गेलं, "छान! आता कशी तब्येत दिसतेय!"

हे वाक्य मावश्या-आत्या सहज बोलून जातात. या आजारात त्याचा एकच अर्थ पोचतो... जाड झालीस.

दुसऱ्या दिवशी धाकटीची खिडकी उघडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सोमवारी तिची आई फोनवर रडली. "उभी राहिली की कोसळते हो. नाडी मंदावलीय. डॉक्टर म्हणतात, आजच्या आज दाखल करा."

"खाट नाही," अधीक्षक म्हणाले. "आई आहे ना घरात? दोन घास भरवायला काय जातं?"

ती उत्तर न देता जिना उतरून थेट स्टोअरमध्ये घुसली.

"काय बोललात तुम्ही तिला?"

त्याने शब्द न बदलता सांगितलं. "मी आकडा नाही सांगितला, मॅडम."

"न सांगता सांगितलात! महिनाभर एकेक चमचा पुढे सरकत होतो आम्ही. एकेक चमचा! आणि तुम्ही दारात उभं राहून..." तिचा आवाज फाटला. आवाजाचाही तिला संताप आला.

त्याने सफाई दिली नाही. "माझ्यावर नंतर ओरडा. मी कुठे जात नाही. आधी खाट." जुडग्यातून त्याने एक नवीकोरी किल्ली काढली. "तिसरा मजला. तपासणीला येणाऱ्या बड्या साहेबांची विश्रांतीची खोली. चौदा महिन्यांत कुणी पाठ टेकलेली नाही. चादर मात्र रोज बदलते."

"अधीक्षक तुम्हाला खातील."

"खाऊ देत. कुणीतरी पोटभर जेवेल."

धाकटी खोलीत येऊन तास झाला नाही, तोच अधीक्षक आले. "कुणाच्या परवानगीने?"

"लेखी देते की!" ती दारातच उभी होती आणि आवाज तीन मजले ऐकत होते. "खोली चौदा महिने रिकामी. चादर रोज धुतलेली. आणि एकोणीस वर्षांच्या मुलीला खाट नाही. सही तुम्ही करता की मी करू?"

अधीक्षकांनी चादरीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना एक मीटिंग आठवली.

दोन दिवसांनी धाकटीची नाडी सावरली. डॉक्टरांनी टेबलाशी बसायला परवानगी दिली. टेबल किल्लीदाराने वर आणून ठेवलं होतं. ओरखडा नव्हता, तिने वाकून बघितलं.

साडेबारा वाजले. पडद्यावर पाच खिडक्या, टेबलाशी धाकटी आणि ती. धाकटीचा चमचा जागचा हलेना. दारात किल्ल्या वाजल्या.

"त्यांना आत बोलवा," धाकटी म्हणाली.

तो आला, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला उभा राहिला. "मी चुकलो. काय चुकलं ते कळायलाही मला चार दिवस लागले."

"तुम्ही मला छान म्हणालात!" धाकटीने चमचा टेबलावर आपटला. "कुणी विचारलं होतं तुम्हाला? कुणालाच का गप्प बसता येत नाही माझ्या अंगाबद्दल?"

आजवर ही मुलगी फक्त स्वतःवर चिडत आली होती. आज पहिल्यांदा दुसऱ्यावर ओरडली. आहारतज्ज्ञाला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तिने फक्त एक ताट पुढे सरकवलं. "बसा. बसलात की जेवायचं."

जेवायचं म्हणजे मास्क काढायचा. त्याने काढला. तिचा तर मघाच निघाला होता. पाच आठवडे भांडलेल्या दोन माणसांनी एकमेकांचे चेहरे पहिल्यांदा बघितले... आणि दोघंही ताटात बघू लागली.

"काका, काहीतरी बोला ना," एका खिडकीतून आवाज आला. "फार शांतता आहे."

"अन्न नाही, शरीर नाही, आकडा नाही..." त्याने बोटांवर मोजलं. "मग एकच गोष्ट उरते. गुरुवारी तुमच्या ताई माझ्यावर ओरडल्या नाहीत, तर मला पुढचे सहा दिवस चुकल्यासारखं होतं. हे ओरडणं मला जन्मभर मिळेल का... असं त्यांना विचारायचं होतं."

पाच खिडक्यांत पाच चमचे थबकले.

"जेवा सगळे!" ती कडाडली. कान लाल झाले होते आणि लपवायला मास्क नव्हता. "उत्तर ताटं संपल्यावर."

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. मग चमचा उचलला. एक घास... बराच वेळ काहीच नाही... आणखी एक. डोळ्यांत पाणी होतं, पण उत्तर ऐकायचं होतं. अर्धा तास उलटून गेला, कुणीही घड्याळ बघितलं नाही. ताट रिकामं झालं.

"आता सांगा," धाकटी म्हणाली. मग टेबलाकडे बघून थांबली. "ताई, तुमचं ताट."

तिचं अर्धं ताट तसंच होतं. नियम म्हणजे नियम. सहा पेशंट आणि एक किल्लीदार तिच्याकडे बघत राहिले, आणि तिने एकेक घास संपवला. इतकं कठीण जेवण तिने आजवर कुणाला वाढलं असेल, पण स्वतः जेवली नव्हती.

शेवटचा घास गिळून ती त्याच्याकडे वळली. चेहरा भयंकर चिडलेला होता.

"गुरुवारी काटा घेऊन तुम्हाला एकट्याला मुळीच पाठवणार नाही. मी गाडीत शेजारी बसणार. या गुरुवारी, पुढच्या गुरुवारी... आणि तुम्ही तोंड उघडलंत तर बघा!"

"नाही उघडत," तो म्हणाला, आणि आठ खुर्च्या ओलांडून फक्त तिला दिसेल इतकंच हसला.