बॅरोहून पाऊण तास

ते फोन खाली ठेवा आधी. विक्रम, तूसुद्धा. फ्लाइट चार तास डिले झाली म्हणून मघापासून कुरकुरताय, तर ऐका अडकणं म्हणजे काय ते.

शैलेंद्र माझा नागपूरचा मित्र. इथे शिकागोजवळ नेपरव्हिलला येण्याआधी तो अलास्कात डॉक्टर होता. गाव बॅरो, पार वरच्या टोकाला. तिथून वेनराइट नावाचं खेडं पंच्याऐंशी मैल. इथून मिलवॉकीसुद्धा लांब पडेल! पण रस्ताच नाही, फक्त छोटं विमान. पाऊण तास.

चौऱ्याऐंशीचा सोळा डिसेंबर, रविवारची रात्र. संध्याकाळी सातला वेनराइटहून फोन आला. सात वर्षांच्या पोरीच्या मांडीत सुरी घुसलेली. गावात डॉक्टर नाही. मेरी नावाची एक हेल्थ वर्कर जखम दाबून बसलेली. "लवकर या," म्हणाली, "हात काढला की रक्त येतंय." आणि फोन कटला. पुन्हा लागलाच नाही.

शैलेंद्र बॅग घेऊन पळत एअरपोर्टवर. तर धुकं! पायलट म्हणाला, थांबा. आठला थांबा, नऊला थांबा. शैलेंद्र असा भडकला, खुर्चीला लाथ काय मारली, त्या बिचाऱ्याला नागपुरी शिव्या काय दिल्या. पाऊण तासावर पोर मरतेय आणि हा बाकावर हात चोळत बसलाय. दहाच्या सुमारास रडकुंडीलाच आला. मग डोळे मिटले आणि मनातल्या मनात तिचं ऑपरेशन करत राहिला. इथे चिमटा, इथे टाका...

अकराला धुकं फाटलं. पावणेबाराला विमान उतरलं. हा धावत त्या घरी. मेरीनं दार उघडलं. त्याच्या अंगातल्या कोटाकडे बघितलं.

"पोरगी?"

"झोपलीय." मग हळूच, "डॉक्टर... तुम्ही परत का आलात?"

"परत म्हणजे?"

"दहाला आला होतात ना. अंगात कोट नव्हता. टाके घातलेत. मी पाणी टाकायला वळले, तर..."

ती मागे सरकली.

शैलेंद्रनं पांघरूण उचललं. मांडीवर टाके. स्वच्छ. कोरडे.

त्या रात्री वेनराइटला दुसरं विमान आलंच नव्हतं.

"सो हू वॉज इट, काका?"

मला काय विचारतेस, दीपा? त्याला तरी कुठे कळलं! शेवटपर्यंत चिडून म्हणायचा, "चंदू, पोर वाचली यार, पण मी काहीच केलं नाही."

पुढचं ऐक. ताप बघायला त्यानं तिच्या कपाळावर हात ठेवला. पोरीनं डोळे उघडले. त्या मुलखात मराठी माणूस हा एकटा, आणि त्या घरात त्यानं अजून मराठीत चकार शब्द काढलेला नव्हता.

पोरीनं त्याचा हात थोपटला...

"झालं हं बाळा," म्हणाली. "झालं."