भिंत पाणी पिते

"पुन्हा अडलं!" बाबांनी दाराला खांदा लावला. दार कुरकुरलं, पण चौकटीत काही बसेना. "जुनं लाकूड आणि जुनी माणसं, दोघांचीही नाटकं फार!"

त्यांनी दार उतरवलं, चर्चच्या अंगणात दोन बाकांवर आडवं टाकलं आणि रंधा चालवायला घेतला. सर्रर... सर्रर... लाकडाच्या पातळ सुरळ्या खाली पडू लागल्या. धाकट्याने त्यातली एक उचलून नाकाखाली धरली.

"ताई, बघ! मला मिशी आली!"

त्याला सगळे बटाटा म्हणत, कारण तो होताच तसा, गोल आणि गोड. त्याची ताई म्हणजे भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ! पण आज ती बसली होती, त्या सुरळ्यांकडे बघत.

"बाबा, तुम्ही दर वेळी वरचा हाच कोपरा का तासता?"

"तोच अडतो म्हणून. लाकूड फुगतं गं."

"उन्हाळ्यात?" हा प्रश्न कुंपणावर बसलेल्या शंकासुराचा. भिंगरीच्या वर्गातला हा मुलगा शंका विचारल्याशिवाय पाणीही प्यायचा नाही. "काका, लाकूड पावसाळ्यात फुगतं ना? आणि फुगलं तर सगळं फुगेल. एकच कोपरा कसा?"

"तुझी शंका फुगली आहे!" बाबा हसले. "पळा आता. उद्या नगराध्यक्षबाई येणार आहेत. त्याआधी हे आवरायचंय."

नगरपालिकेने या जुन्या दगडी चर्चच्या दुरुस्तीसाठी निधी मंजूर केला होता. तो कशावर खर्च करायचा, ते उद्या जागेवर ठरणार होतं. पुढची भिंत उजळायची, दिवे लावायचे आणि मोठा दरवाजा नव्याने घडवायचा, असं जवळजवळ ठरलंच होतं. तो दरवाजा घडवणार होते बाबा! एवढं मोठं काम त्यांच्या हाती पहिल्यांदाच येत होतं. त्याचं चित्र काढताना ते जेवण विसरायचे आणि आई त्यांच्या ताटावर ताट झाकून ठेवायची.

हे अडणारं दार मात्र बाजूच्या छोट्या खोलीचं होतं. सुट्टीत रोज सकाळी तिथे मुलांचा गायनवर्ग भरे. बटाटा सगळ्यांत लहान, म्हणून त्याची जागा पहिल्या बाकावर, भिंतीला अगदी चिकटून.

"ताई, तुला एक गंमत सांगू?" तो भिंगरीच्या कानाशी लागला. "आमची भिंत ना, पाणी पिते! घट घट घट! मी ऐकलंय."

"कधी?"

"साफसफाईवाली मावशी लादी पुसून झाली की बादली ओतते ना बाहेरच्या मोरीत, तेव्हा!"

शंकासुर टुणकन कुंपणावरून उतरला. "ते पाणी मोरीतून रस्त्याच्या गटारात जायला हवं. भिंत कशी पिईल?"

बटाट्याच्या बोलण्याला घरात सगळे हसत. भिंगरी हसली नाही. ती धावत घरी गेली आणि आईला विचारून कपड्यांना घालायची नीळ घेऊन आली. मावशीच्या बादलीत नीळ कालवून तिने ते पाणी मोरीत ओतलं. शंकासुर रस्त्यावरच्या गटारापाशी ओणवा होऊन बसला.

"आलं का निळं पाणी?"

"नाही!"

दुसरी बादली. तिसरी बादली.

"टिपूससुद्धा नाही! गटार कोरडं ठणठणीत!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाणी गेलं कुठे?

गायनखोलीच्या खाली तळघर होतं. मोडक्या बाकांनी भरलेलं, दाराला नुसती कडी. "तू इथेच थांब, पायरीवर. हलायचं नाही!" भिंगरीने बटाट्याला बजावलं आणि टॉर्च घेऊन ती नि शंकासुर खाली उतरले. ओलसर, कुबट वास आला. टॉर्चचा उजेड भिंतीवरून सरकत सरकत पायाशी आला आणि तिथेच थांबला.

दगडांच्या फटींमधून निळं पाणी झिरपत होतं. पाण्याबरोबर चुना-रेती वाहून येत होती, निळसर चिखल झाला होता. भिंगरीने एका फटीत बोट घातलं. मग हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला, आणि तिथे काहीच नव्हतं! नुसती पोकळी!

तिने हात झटकन बाहेर काढला. डोक्यावर, बरोबर याच जागी, बटाट्याचा बाक होता.

"चल वर," ती कशीबशी म्हणाली. शंकासुर तिच्याही आधी पायऱ्या चढला.

वर अंगणात नगरपालिकेचे इंजिनिअरसाहेब टेप घेऊन उभे होते. मुलांनी धापा टाकत सगळं सांगितलं.

"ही भिंत? मी स्वतः पाहिली आहे. भक्कम!"

"साहेब, कुठून पाहिलीत?" शंकासुराने विचारलं.

"बाहेरून! आता मला शिकवणार का तुम्ही? जा, खेळा!"

संध्याकाळी भिंगरी बाबांपाशी गेली. ते दरवाजाच्या चित्रात बुडाले होते. बटाटा त्यांच्या मांडीवर झोपून गेला होता, त्याच्या मुठीत अजून एक सुरळी होती.

"बाबा, ते दार..."

"उद्या, बाळा. आज डोक्यात फक्त एकच दरवाजा."

भिंगरी त्या चित्राकडे बघत राहिली. निधी भिंतीकडे गेला तर मोठा दरवाजा होणार नव्हता. बाबांचं काम जाणार होतं, आणि तेही तिच्यामुळे. तिने बटाट्याच्या बंद मुठीकडे पाहिलं. मग हळूच बाबांच्या हत्यारांच्या पेटीतून ओळंबा काढून घेतला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. बाबा नेहमी म्हणत, "माणूस खोटं बोलेल, ओळंबा नाही बोलणार."

सकाळी नगराध्यक्षबाई आल्या. फादर, इंजिनिअरसाहेब, इस्त्रीचा शर्ट घातलेले बाबा, सगळे पुढच्या भिंतीकडे माना वर करून बघत होते. इतक्यात मागून गाणं ऐकू आलं. सगळा गायनवर्ग बाजूच्या अंगणात, उन्हात उभा राहून गात होता! कारण शंकासुराने आणि भिंगरीने मुलांना खोलीत पाऊल टाकू दिलं नव्हतं.

मंडळी वळून तिकडे आली. "किती गोड गातात! पण उन्हात का उभे?" बाईंनी विचारलं.

"आत भिंत पाणी पिते," बटाटा गंभीरपणे म्हणाला. "पोट भरलं की ती पडेल."

इंजिनिअरसाहेब हसले. बाई हसल्या नाहीत.

भिंगरी पुढे झाली. बाकावर चढून तिने खोलीच्या चौकटीवर वरच्या टोकाला दोरी धरली आणि ओळंबा सोडला. वजन झुललं, झुललं आणि स्थिर झालं. दोरी वर चौकटीला टेकली होती, आणि खाली? खाली चौकट आणि दोरी यांच्यामधून बटाट्याची मूठ सहज गेली असती!

"हात हलला असेल पोरीचा," इंजिनिअरसाहेब म्हणाले.

बाबा पुढे आले. त्यांनी तिच्या हातातून दोरी घेतली आणि स्वतः धरली. ओळंबा पुन्हा तिथेच येऊन थांबला.

"दार सरळ होतं," बाबा हळूच म्हणाले. "चौकट कलली होती. भिंतच कलते आहे. आणि मी गाढवासारखा दार तासत बसलो! एकदाही ओळंबा लावला नाही. याच भिंतीला टेकून माझं पोर गातं, बाईसाहेब."

मग भिंगरी बाई, फादर आणि इंजिनिअरसाहेबांना तळघरात घेऊन गेली. बाईंनी निळा चिखल पाहिला. इंजिनिअरसाहेबांनी फटीत हात घातला आणि त्यांचा चेहरा उतरला. "नवी फरशी बसवताना मोरीचं तोंड बुजलं असावं," ते पुटपुटले. "मी आत यायला हवं होतं."

"आजपासून या खोलीला कुलूप," वर आल्यावर बाई म्हणाल्या. "निधी आधी या पायाला आणि मोरीला. उजळणं, दिवे, दरवाजा, सगळं नंतर." त्या बाबांकडे वळल्या. "तुमचं काम मात्र..."

"थांबेल," बाबांनी खिशातलं चित्र घडी घालून आणखी आत सारलं. "दरवाजा काय, वाट बघेल. पोरं नाही बघणार."

फादरांनी तिघांच्या डोक्यावरून हात फिरवला. "एवढी वर्षं आम्ही या भिंतीचा आधार घेत आलो. आज तुम्ही तिचे आधार झालात, बाळांनो."

"पण फादर," शंकासुराने विचारलं, "आम्ही तिघं आणि भिंत एवढी मोठी, कसं जमेल?"

सगळे खळखळून हसले. बाबासुद्धा. भिंगरीला मात्र रडू आलं. बाबांनी तिला जवळ ओढलं. "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमचा दरवाजा..."

बाबांनी तिचं डोकं छातीशी धरून ठेवलं. बराच वेळ.

सुट्टी संपता संपता पाया भरून झाला, भिंतीला आधार मिळाला, चौकट पुन्हा सरळ बसली. पण दार? वरचा कोपरा तासून तासून इतका गेला होता की तिथून आभाळ दिसे! बाबांनी तिथे नव्या लाकडाचा तिकोनी तुकडा जोडला. काळपट जुन्या दारावर तो पांढरा तुकडा लांबूनही डोळ्यांत भरायचा.

"रंग नाही लावणार?" भिंगरीने विचारलं.

"नाही. राहू दे तसाच. मला रोज दिसायला हवा."

बटाटा टाचा उंच करून उभा राहिला, पण हात पोचेना. बाबांनी त्याला उचललं. त्याने त्या तुकड्यावरून बोट फिरवलं, भिंतीला कान लावला आणि डोळे मिटले.

"ताई," तो कुजबुजला, "भिंत झोपली."

मग तो खाली उतरला आणि गायला आत पळाला. मागे दार लागलं, अगदी अलगद.