जिनिंगमधला उजेड

नाटकवाल्यांना जागा दाखवावी आणि गंमत बघावी. गुरांच्या गोठ्यात उभं केलं तरी कोपऱ्याकडे बोट करून म्हणतील, इथून एन्ट्री छान होईल. परतूरच्या बाहेर, रेल्वेलाइनच्या अंगाला, एक जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, बरीच वर्षं बंद पडून आहे. तिथलं कापसाचं लांबलचक गोदाम दिग्दर्शक जगन्नाथरावांनी पाहिलं आणि त्यांचा पाय तिथून निघेना. कापसाच्या गाड्या रिकाम्या करायला एका टोकाला पुरुषभर उंच दगडी धक्का होता, तोच रंगमंच झाला. खाली भाड्याच्या खुर्च्या, मधून जायला एक वाट. प्रयोग रविवारी दुपारी ठेवला, कारण खेड्यापाड्यातल्या लोकांना दिवस मावळायच्या आत एसटी गाठायची असते.

उजेडाचं काम केदारकडे होतं आणि फोटोंचं त्याच्या बायकोकडे, निवेदिताकडे. दोघं जालन्याचे, नोकऱ्या करणारे, पण सुट्टीचा दिवस नाटकाला वाहिलेला. आणि नाटकातली मुख्य बाई होती केदारची धाकटी बहीण कल्याणी. तिला परतूरलाच दिली होती. नणंद-भावजय म्हणजे विळ्या-भोपळ्याचं नातं म्हणतात, इथं तसं नव्हतं. कल्याणी शाळेत असताना तिची आई गेली, त्यानंतर तिच्या वेण्या निवेदितानंच घातल्या. नणंद म्हणायची, पण माया लेकीची होती.

केदारचं एक ठरलेलं वाक्य होतं. उजेड कुठून येतो ते दिव्याला विचारू नये, सावलीला विचारावं. दिवा खोटं बोलतो, सावली बोलत नाही. शेवटच्या प्रवेशात कल्याणी एकटी उभी राहायची. तिच्यावर त्यानं तीनच दिवे ठेवले होते. उजवीकडून फिका पिवळा, डावीकडून निळसर आणि मागून वरून एक, तिला भिंतीपासून सुटी दाखवायला. शेवटचं वाक्य संपलं की तिन्ही दिवे मालवायचे आणि पूर्ण अंधार.

निवेदिताचेही नेम होते. भोवतालचा काळोख कॅमेऱ्याला फसवतो, म्हणून उजेड चेहऱ्यावरच मोजायचा. नट बोलताना नाही, बोलून थांबतो तेव्हा बटण दाबायचं. तोंडातून आवाज काढायचा नाही. आणि काहीही झालं तरी नाटकात फ्लॅश मारायचा नाही. लग्नाच्या कामासाठी घेतलेला फ्लॅश तिच्या पिशवीत असायचा, पण नाट्यगृहात त्याला कधी हवा लागली नव्हती.

शुक्रवारी तालीम झाली. खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता, बाहेर लख्ख दुपार आणि आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. निवेदिता मधल्या वाटेच्या कडेला बसली होती. शेवटच्या प्रवेशात तिला रॉकेलचा वास आला. पाठोपाठ जळक्या कापसाचा, घशात बसणारा. राखणदार आबाराव बाहेर चहा करत असतील, असं तिनं मनाशी म्हटलं.

शनिवारी सकाळी फोटो लॅपटॉपवर उघडले तेव्हा केदार चहाचा कप हातात धरून बघतच राहिला.

"निवू, ही सावली कशाची गं?"

कल्याणीच्या मागच्या चुना दिलेल्या भिंतीवर एक जास्तीची सावली होती. लांबट, अंधूक, कडा थरथरल्यासारखी. मागच्या दिव्याची पुढे जमिनीवर पडलेली धरली तरी दिवे तीन आणि सावल्या चार. केदारनं पुन्हा मोजल्या.

"दार उघडं राह्यलं असंल," तो म्हणाला. "न्हाईतर कुणाचा तरी मोबाइल."

त्या दुपारच्या तालमीला त्यानं दारं बाहेरून लावून घेतली, सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत घालून जगन्नाथरावांच्या मांडीवर दिले. रात्र थोडी अन् सोंगं फार, असं पुटपुटत जगन्नाथराव टोपली धरून बसले. तालीम सुरळीत झाली. वास मात्र पुन्हा आला. या वेळी तो मागून आला, निवेदिताच्या खुर्चीपाशी क्षणभर थांबला आणि पुढे गेला. तिनं मान वळवली नाही. का वळवली नाही, ते तिला सांगता आलं नसतं.

फोटोंत चौथी सावली होतीच. आणि ती प्रत्येक फोटोत मोठी होत होती, भिंतीवर वर वर चढत होती.

केदार अशा वेळी बोलत नाही, कामाला लागतो. त्यानं कल्याणीला चहाला पाठवलं आणि तिच्या जागी निवेदिताला उभं केलं. फोटोत सावलीचं डोकं भिंतीवर जिथं होतं तिथं खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली, ती निवेदिताच्या डोक्याला टेकवून तशीच सरळ पुढे ताणत नेली. जिथून उजेड आला असेल तिथंच सुतळी जाणार, दुसरीकडे जाणार नाही. सुतळीचं दुसरं टोक धरायला आबारावांना बोलावलं. पहिल्या फोटोची सुतळी उतरली ती मधल्या वाटेच्या पार मागच्या टोकाला, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. दुसऱ्या फोटोची त्याच वाटेवर, पण अलीकडे. तिसऱ्याची निवेदिताच्या खुर्चीला अगदी घासून. शेवटच्या फोटोची धक्क्यापासून हाताच्या अंतरावर.

"कुणीतरी चालत आलंय," केदार हळूच म्हणाला. "हातात दिवा धरून."

आबारावांच्या हातातली सुतळी गळून पडली. म्हातारा खुर्चीवर टेकला.

"जिनिंग चालू व्हती तवा आत दिवा आणायची बिलकुल बंदी व्हती, सायेब. ठिणगी पडली की सगळं खाक. तरी कामावरच्या बाया म्हनायच्या, ढिगामागून कुनीतरी कंदील घेऊन चाललंय. जाऊन पाह्यलं तर कुनीच न्हाई."

"कोण होतं?" निवेदितानं विचारलं.

"कुनाला ठाव न्हाई. मंग मागं हितं शाळंचं गॅदरिंग झालं. माझी नात मोनिका वर नाचत व्हती. मधीच लाइट गेली. पोरगी अंधारात सरळ चालत आली अन् धक्क्यावरून खाली गेली. दोन्ही पाय मोडले तिचे." म्हातारा निवेदिताकडे वळला. "घसरली न्हाई, ताई. चालत गेल्ती. म्हनती, उजेड दावला म्हनून गेले. कुनी दावला इचारलं की रडून राह्यती."

केदार सुतळी गुंडाळू लागला. मग आबारावच म्हणाले, "तुमचे दिवे चालू हायेत तवर ते काई करत न्हाई, नुसतं पाहून जातं. अंधार तेवढा करू नका."

निवेदिता भ्यायली होती आणि तिनं ते लपवलं नाही. प्रयोग रद्द करा, म्हणाली. पण पाहुण्यांना आमंत्रणं गेली होती, आणि सावलीचं कारण सांगून प्रयोग रद्द करणारा दिग्दर्शक अजून जन्माला यायचा आहे. कल्याणीला तर काही सांगायची सोयच नव्हती, ऐन प्रयोगात तिची पाचावर धारण बसली असती. शेवटी केदारनं बायकोचा हात धरला.

"शेवटी मी अंधार करणारच न्हाई. एक दिवा राहील तिच्यावर. जगन्नाथराव काय शिव्या द्यायच्या त्या देतील. माझ्या हातून अंधार होणार न्हाई, बराबर?"

रविवारी गोदाम भरलं. निवेदितानं आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसून कॅमेरा लावला, आणि मग कुणाला दिसणार नाही अशा बेतानं पिशवीतला फ्लॅश काढून त्यावर चढवला. नेम मोडायचा विचार नव्हता. जिवाला आधार म्हणून चढवला.

शेवटचा प्रवेश आला. कल्याणीनं आज कमाल केली होती, पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या. तिचं शेवटचं वाक्य संपलं. केदारनं सांगितल्याप्रमाणे दोन दिवे हळूहळू उतरवले, पिवळा तेवढा ठेवला. भिंतीवर एकच सावली होती. निवेदितानं सुटकेचा श्वास सोडला.

तेवढ्यात पाठीमागं, केदार बसला होता तिथं, खट्ट असा आवाज झाला आणि दिव्यांच्या यंत्राची घरघर थांबली. पिवळा दिवा गेला.

प्रेक्षक चिडीचूप बसून होते. त्यांना वाटलं, नाटकाचा शेवटच असा आहे. हा अंधार नाटकातला नाही हे तिथं दोघांनाच कळत होतं. एक मागं चाचपडत बटणं शोधत होता आणि दुसरीच्या नाकात रॉकेलचा वास शिरला होता.

तिनं हाक मारायला तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. मग बोटानंच काम केलं. फ्लॅश कडाडला.

क्षणभर सगळं पांढरं झालं. कल्याणी जागेवरच होती, पण तिची मान प्रेक्षकांकडे वळली होती.

अंधार. फ्लॅशची बारीक शीळ सुरू झाली, पुन्हा भरायला त्याला वेळ लागतो. भर ना रे बाबा... जल्दी भर... उजेड राहिला तर ते लांब राहील, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. दुसऱ्यांदा उजेड पडला. कल्याणी दोन पावलं पुढे आली होती. चेहऱ्यावर भीती नव्हती. ओळखीचं माणूस दिसल्यावर यावं तसं हसू होतं.

पुन्हा अंधार. शीळ आता लांबत चालली होती. वास इतका दाट की श्वास घेववेना. निवेदिताच्या उजव्या गालाला ऊब लागत होती, चुलीजवळ बसल्यावर लागते तशी. तिनं तिकडे पाहिलं नाही. तिसऱ्यांदा कल्याणी धक्क्याच्या कडेला आली होती. चौथ्यांदा बटण दाबलं तर फ्लॅश पेटलाच नाही. पुन्हा दाबलं. पेटला तेव्हा कल्याणीचा एक पाय कडेबाहेर, हवेत होता.

आणि त्याच क्षणी केदारच्या हाताला बटण लागलं, तिन्ही दिवे भक्कन लागले.

कल्याणी दचकली, पाय मागं घेतला आणि मटकन खाली बसली. टाळ्यांनी पत्रे दणाणले. असा शेवट आजवर पाहिला नाही, असं लोक एकमेकांना सांगत होते. जगन्नाथरावांनी तर केदारला मिठीच मारली. निवेदिता गर्दीतून वाट काढत कल्याणीकडे निघाली.

कापसाचा वजनकाटा असलेल्या जुन्या खोलीत कल्याणी पाणी पीत बसली होती. निवेदितानं तिला पोटाशी धरलं आणि आता रडू आवरलं नाही.

"रडता कशाला, वहिनी?" कल्याणी म्हणाली. "वाचले ना. पण तुम्ही तरी कशाला बोलवत होता मला?"

"मी?"

"मंग कोण? दर उजेडाला तुमचाच आवाज. ये, कल्याणी, ये, पायरी आहे, मी धरते. इतक्या मायेनं बोलवलं तुम्ही, की मला वाटलं खरंच पायरी आहे."

निवेदितानं केदारकडे पाहिलं. माझ्या तोंडून शब्दसुद्धा निघाला नाही, हे तिला सांगायचं होतं. कल्याणीसमोर तिनं ते गिळलं. कल्याणीचा नवरा सुमित गाडी घेऊन आला आणि तिला घरी घेऊन गेला. ती घरी पोचली, जेवायला बसली, असा फोन येईपर्यंत निवेदिताचा जीव टांगणीला होता. फोन आला आणि ती पहिल्यांदा नीट हसली.

थंडीचे दिवस, जालन्यात पोचेपर्यंत चांगलंच अंधारलं होतं. कॉलनीतली वीज गेलेली. केदारनं तिला पिशव्यांसकट जिन्यापाशी उतरवलं आणि गाडी लावायला मागच्या बाजूला गेला. मोबाइल गाडीतच राहिला होता, दोन्ही हातांत कॅमेऱ्याच्या पिशव्या. तिनं चाचपडत पहिली पायरी गाठली, दुसरी गाठली, आणि मागून उजेड आला. पायऱ्या दिसायला लागल्या. तिची सावली तिच्या पुढे जिना चढू लागली.

"बरं झालं लवकर आलास," ती म्हणाली. "थोडा वर धर."

उजेड हातभर वर गेला.

"कल्याणीला सकाळी पुन्हा फोन करू रे. आणि त्या जिनिंगचं नावसुद्धा काढायचं नाही आता."

मागून उत्तर आलं नाही. दमला असेल बिचारा. ती दारापाशी पोचली, पिशव्या खाली ठेवल्या, किल्ली काढली.

"कुलूप दिसत नाही. जवळ आण."

उजेड जवळ आला, खांद्याशी आला. कुलूप स्वच्छ दिसलं, किल्ली फिरली, कडी निघाली. तिच्या उजव्या कानाला ऊब लागली.

"निवू..." खालून, जिन्याच्या तोंडापासून केदारची हाक आली. "अंधारात चढू नकोस. थांब तिथंच, तुझा मोबाइल गाडीत सापडला, घेऊन येतोय."

तिच्या हातातली किल्ली पडली. दार आपल्या वजनानं आत उघडत गेलं. तिनं मागं पाहिलं नाही, ओरडली नाही, दार ओढून घ्यायला नुसता हात पुढं केला.

त्याआधीच उजेड तिच्या खांद्यावरून पुढं झाला आणि घरात गेला.